आईच्या फोनची बॅटरी फुगली आहे, आत तिच्या ४१ ओव्या आहेत. काय करू?

माहेरवाशीण_अकोला

नमस्कार. थोडं लांबलचक लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही.

माझी आई माघात गेली. त्याआधीची दोन वर्षं मी माहेरी गेले की तिच्याजवळ बसून तिच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याच फोनवर रेकॉर्ड करायचे. जातं केव्हाच माळ्यावर गेलं होतं, पण ओव्या तिला भाजी निवडतानाही आठवायच्या. अशी ४१ रेकॉर्डिंग आहेत. मेमरी कार्ड नाही, सगळं फोनच्या आतच. दुसरीकडे कुठेच घेतलेलं नाही. पुढच्या खेपेला करू, पुढच्या खेपेला करू, असं करत राहिले आणि पुढची खेप आलीच नाही.

ती गेल्यावर फोन मी अकोल्याला घेऊन आले. तो बंद पडू नये असं मला फार वाटायचं. म्हणून वरच्या खोलीत खिडकीशेजारी चार्जर लावून ठेवला आणि गेले तीन महिने पिन काढलीच नाही. येता-जाता पडद्यावर १०० टक्के दिसलं की बरं वाटायचं. खोलीवर टिनाचं छप्पर आहे. सध्या बाहेरच ४५ अंश असतं, त्या खोलीत दुपारी काय होत असेल ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

परवा धूळ पुसायला फोन उचलून परत टेबलावर ठेवला तर तो डुगडुगला. मागचं कव्हर एका बाजूनं नखभर उचललं गेलंय आणि फटीतून आत चंदेरी पिशवीसारखं काहीतरी दिसतं. वास नव्हता, हाताला गरमही नव्हता. मी पिन काढली आणि बटण दाबून फोन बंद केला. आता तो कपाटात साड्यांच्या खणात ठेवलाय, कारण घरात आठ वर्षांचा नातू आहे.

भाऊ म्हणतो, "सुई टोचून दे, हवा निंगून जाते, मंग बसते खाली." जवळच्या एका दुकानात नुसतं विचारून आले, तर तिथला मुलगा म्हणाला, "दाबून बसवून देतो काकू, दोन तासांनी न्या." मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. मुलगी बंगळुरूला असते. ती म्हणते, पुढच्या आठवड्यात येते आहे, जाताना विमानानं घेऊन जाईन, इथे चांगलं दुकान आहे.

मला एवढंच कळत नाही की फोन एकदाच, पाच मिनिटं चालू करून ओव्या स्वतःला व्हॉट्सअॅपवर पाठवल्या तर चालेल का? आणि बॅटरी गेली तर ओव्याही जातात का? फोन चार वर्षांपूर्वीचा आहे, बॅटरी ५००० एमएएचची. पॅटर्न मला माहीत आहे.

ठाणेकर_७८

ताई, माझ्या जुन्या फोनची बॅटरी अशीच फुगली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, सकाळी बरीच बसली होती. पुढे दोन महिने वापरला फोन. तुम्हीही करून बघा, तेवढ्यात बॅकअप होऊन जाईल.

सोल्डरवाला_सांगली

ताई, आधी उठा आणि फोन त्या साड्यांतून बाहेर काढा. बाकीचं नंतर वाचा.

दोन्ही हातांनी आडवा धरून उचला, कव्हर दाबू नका. घरात मातीची कुंडी असेल तर तिच्यात कोरडी वाळू घाला, त्यावर फोन ठेवा, वरून थोडी वाळू पसरा. कुंडी फरशीवर, सावलीत, जिथं वारं खेळतं अशा जागी ठेवा. गॅलरी असेल तर उत्तम, पण ऊन पोचणारी नको. स्वयंपाकघर नको, सिलेंडरजवळ नको, झोपायच्या खोलीत नको, आणि जिन्याच्या किंवा दाराच्या वाटेवरही नको. वर घट्ट झाकण लावू नका. आतून वायू आलाच तर त्याला जायला वाट पाहिजे. नातवाला स्पष्ट सांगा, मुलांना कारण कळलं की ती हात लावत नाहीत.

झालं? आता सावकाश वाचा.

तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न पहिल्यांदा. ओव्या बॅटरीत नसतात. त्या बोर्डावरच्या मेमरी चिपमध्ये असतात. बॅटरी म्हणजे कंदिलातलं तेल. तेल संपलं, खराब झालं, ओतून टाकलं, तरी कंदील शाबूत राहतो. तुमच्या ४१ ओव्या या घटकेला सुरक्षित आहेत. त्या जातील त्या दोनच प्रकारांनी: बॅटरी पेटून बोर्ड जळला तर, किंवा दुरुस्ती करताना कोणी फोन रीसेट मारला तर. आपल्याला हे दोनच टाळायचे आहेत.

म्हणून पाच मिनिटांसाठीसुद्धा चालू करू नका. चालू होईलही, ओव्या जातीलही व्हॉट्सअॅपवर. पण फोन चालू झाला की प्रोसेसर तापतो आणि ती ऊब सरळ शेजारच्या बॅटरीत उतरते. पडद्यावर बोटं दाबताना आतली फुगलेली पिशवीही दाबली जाते. हे काम बॅटरी न वापरता करता येतं, मग तो धोका कशाला?

भावाचं सुई टोचणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे करून हात भाजलेला पोरगा माझ्या बेंचसमोर उभा राहिलेला आहे. बॅटरी म्हणजे हवेचा फुगा नव्हे. आत तांब्याची आणि अॅल्युमिनियमची लांब पट्टी घडी घालून बसवलेली असते, आणि दोघींच्या मध्ये केसापेक्षा पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो पडदा आहे म्हणून अधिक आणि उणे एकमेकांना भेटत नाहीत. सुई गेली की पडदा फाटला. भेट झाली की उष्णता, उष्णतेनं आणखी पडदा वितळतो, त्यानं आणखी उष्णता. हे एकदा सुरू झालं की थांबवायला बटण नसतं. तुमची बॅटरी ५००० एमएएचची आणि पूर्ण भरलेली, म्हणजे आत १९ वॅट-तासांच्या आसपास वीज आहे. तेवढ्यात पाव लिटर पाण्याला उकळी येते. ती सगळी उष्णता दोन-चार सेकंदांत, तुमच्या बोटांत. आणि बाहेर येणारी हवा साधी हवा नाही, ती पेट घेते.

दुकानातल्या पोराचं "दाबून बसवतो" हेही त्याच जातीचं. दाबलं की आतल्या घड्या चुरगळतात आणि पडदा कुठंतरी फाटतो. बॅटरी बसल्यासारखी दिसते, तुम्ही घरी नेता, आणि रात्री चार्जिंगला लावता.

ठाणेकर दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण फ्रीजरचं सांगू नका कुणाला. थंडीत वायू आकसतो म्हणून पिशवी बसल्यासारखी दिसते. आतलं नुकसान जसंच्या तसं राहतं, वर बाहेर काढल्यावर बोर्डावर दव धरतं. ते दोन महिने तुमचं दैव बरं होतं, एवढंच.

विमान तर नकोच. फुगलेली, खराब झालेली लिथियम बॅटरी विमानात नेताच येत नाही, केबिनमध्ये नाही आणि सामानातही नाही. कुरियरनं तर अजिबात पाठवू नका. पार्सल कुठल्या गठ्ठ्याखाली दबेल सांगता येत नाही.

आता दुकान कसं निवडायचं. पाटी बघू नका, चार प्रश्न विचारा.

पहिला, "डीसी सप्लाय आहे का? बॅटरी काढून सप्लायवर सेट चालू करून देता का?" हा चौकोनी डबा असतो, त्यावर व्होल्टचा आकडा दिसतो. बॅटरीचा कनेक्टर काढायचा, त्या जागी सप्लायची केबल लावायची आणि चार व्होल्टच्या आसपास देऊन फोन उठवायचा. बहुतेक सेट उठतात. एखादा अडून बसला तर नवी बॅटरी लावून उठतो. दोन्हीत तुमच्या ओव्या जागच्या जागी.

दुसरा, "कव्हर कशानं उघडणार?" हीट गन (कडक गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) म्हणाला तर फोन उचला आणि घरी या. एरवी आम्ही हीट गन वापरतो, फुगलेल्या सेटला नाही. तुमचं कव्हर तर अर्धं आपोआप सुटलंय. बॅटरीखालच्या गोंदात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडायचे, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि प्लॅस्टिकचं कार्ड किंवा दोरा सरकवायचा. लोखंडी ओपनर नाही.

तिसरा, "काढलेली बॅटरी कुठं ठेवणार?" वाळूची बादली दाखवली तर माणूस जाणता आहे.

चौथा, नव्या बॅटरीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का आणि आयएस १६०४६ हा आकडा आहे का. काळ्या पिशवीतली विनानावाची बॅटरी दोनशे रुपयांनी स्वस्त मिळेल. घेऊ नका.

आणि कागदावर लिहून घ्या: "फॉरमॅट करायचा नाही, सॉफ्टवेअर मारायचं नाही." सही घ्या. पॅटर्न सांगू नका, तुम्ही स्वतः काढा. आजकालच्या फोनमध्ये मेमरी कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच बोर्डावर असते. म्हणून चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

२००७ मध्ये मी या धंद्यात आलो, त्याच वर्षी नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीचा गाजावाजा झाला होता. जगभरातल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून देऊ म्हणून कंपनीनं जाहीर केलं. लोक बॅटरी हातात घेऊन दुकानात यायचे, आम्ही मागचे आकडे वाचून द्यायचो. तेव्हा नखानं कव्हर सरकवलं की बॅटरी हातात यायची. आता ती गोंदानं चिकटवलेली असते, म्हणून घरी उघडायला जाऊ नका एवढ्यासाठीच हे सांगितलं.

तोवर फोन तापला, फुसफुसला, गोडसर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर ओव्यांचा विचार करायचा नाही. घरातल्यांना घेऊन बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं, १०१ लावायचा. तो धूर छातीत जाऊ द्यायचा नाही.

रसायन_शिकवतो

वरच्या उत्तरात भर घालतो. ताईंनी "का पटत नाही ते सांगता येत नाही" असं लिहिलंय, तो धागा पकडतो. बारावीच्या मुलांनाही मी हेच सांगतो.

बॅटरीतला द्रव हा पाण्यातला नसतो, तो सेंद्रिय कार्बोनेटांचा असतो आणि त्यात लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट नावाचा क्षार विरघळवलेला असतो. बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा तिच्या दोन ध्रुवांमधला ताण सर्वांत जास्त असतो. त्यात उन्हाळ्याची भर पडली की हा द्रव हळूहळू विघटित होतो आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, इथिलीन, हायड्रोजन असे वायू तयार होतात. पिशवी हवाबंद असल्यामुळे ती फुगते. म्हणजे तीन महिने १०० टक्क्यांवर आणि टिनाच्या छपराखाली ठेवणं हेच या फुगण्याचं कारण. ताई, तुम्ही निष्काळजी नव्हता. उलट फार जपत होता. हे कुणी सांगितलेलं नसतं, हीच अडचण आहे.

पिशवी फाटली तर तो क्षार हवेतल्या दमटपणाशी संयोग पावून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करतो. ते कातडीला आणि फुप्फुसाला फार वाईट.

एक गैरसमज मात्र दूर करतो. "लिथियमवर पाणी टाकलं की भडका उडतो" असं सगळे म्हणतात. ते धातुरूप लिथियमबद्दल खरं आहे. फोनच्या बॅटरीत लिथियम आयनांच्या रूपात असतं, धातूचा पत्रा नसतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ अकिरा योशिनो यांनी नेमका हाच बदल केला, आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना गुडइनफ आणि व्हिटिंगहॅम यांच्यासोबत मिळालं. त्यांनी आपल्या बॅटरीवर लोखंडाचा जड तुकडा टाकून पाहिला, काही झालं नाही. धातुरूप लिथियमच्या बॅटरीवर टाकला तर स्फोट झाला. त्यामुळे पेटलेल्या फोनच्या आसपासचं सामान वाचवायला, लांबून आणि भरपूर पाणी ओतलं तर ते बॅटरी थंडच करतं. फक्त चार्जर लावलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा.

माहेरवाशीण_अकोला

वाचता वाचताच उठले. फोन तुळशीच्या रिकाम्या जुन्या कुंडीत, वाळूत ठेवलाय, मागच्या ओट्यावर. तिथे दिवसभर सावली असते. नातवाला सांगितलं, तर त्यानं खडूनं भोवती गोल काढला आणि आता तो मलाच जवळ जाऊ देत नाही.

दादा, "ओव्या बॅटरीत नसतात" हे वाक्य मी चार वेळा वाचलं. दोन रात्री झोप नव्हती.

एक विचारायचं राहिलं. दुकान सापडलं तर तिथपर्यंत न्यायचं कसं? आमच्याकडे स्कूटी आहे.

सोल्डरवाला_सांगली

स्कूटीच्या डिक्कीत नको, ताई. सीटखाली इंजिन असतं, आणि मे महिन्यात डिक्की म्हणजे भट्टी. रिक्षा करा. स्टीलच्या डब्यात दोन इंच वाळू, त्यावर फोन, वरून वाळू, झाकण नुसतं टेकवलेलं. डबा मांडीवर नको, पायाशी ठेवा. सकाळी नऊच्या आत निघा. दुकानदाराला आधी फोन करून सांगा की फुगलेली बॅटरी घेऊन येतेय, म्हणजे तो बेंच मोकळा करून ठेवेल.

ओला_सुका

मी कचरा वर्गीकरणाच्या शेडवर काम करते, म्हणून काढलेल्या बॅटरीबद्दल बोलते. दुकानातून ती परत मागून घरी आणू नका आणि कृपा करून घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो. आमच्याकडे एकदा कचऱ्याचा ढीग पेटला, विझवल्यावर आत पॉवर बँकेचा सांगाडा सापडला. आमच्यातली एक बाई त्या ढिगापासून दोन हातांवर बसून निवडत होती. तिच्या पदराला झळ लागली, नशिबानं तेवढ्यावर निभावलं. त्या दिवसापासून फुगीर काही हाताला लागलं की आम्ही ओरडून सगळ्यांना उठवतो.

भंगारवाल्यालाही देऊ नका. तो तांब्यासाठी हातोडीनं फोडतो, आणि फोडणारं बऱ्याचदा त्याचं पोर असतं.

बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, त्याचा अर्थच तो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी विकणाऱ्या कंपनीवर आहे. ज्या कंपनीचा फोन त्यांच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, नाहीतर गावात ई-कचरा संकलन कुठे होतं ते पालिकेला विचारा. देण्याआधी बॅटरीच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात "फुगलेली बॅटरी" असं लिहा. पुढे ती उचलणाऱ्या माणसाला तेवढंच वाचायला मिळतं.

माहेरवाशीण_अकोला

पाच दिवसांनी लिहिते आहे.

तीन दुकानांना फोन केले. पहिल्या दोघांनी डीसी सप्लायचा प्रश्न विचारल्यावर "तुम्ही या तर, बघू" म्हटलं. तिसरा म्हणाला, "आहे ना, पण बॅटरी वाळूत घालून आणा." हे त्यानं आपणहून म्हटलं, तेव्हाच मी रिक्षा बोलावली.

कागदावर सही दिली त्यानं, कुरकुर न करता. शेजारी स्टूल टाकून मला बसू दिलं. कव्हर तर नुसतं उचलून आलं. बॅटरी काढायला मात्र त्याला पाऊण तास लागला, थेंब सोडायचा, थांबायचा, दोरा सरकवायचा. पंखा बंद, दार उघडं, तोंडाला मास्क. बॅटरी बाहेर आली तेव्हा उशीसारखी गुबगुबीत होती. तिला टेप लावून त्यानं बादलीत पुरलं. वर ओला_सुका यांनी सांगितलं तशा संकलनाच्या सेंटरला तो दर महिन्याला अशा बॅटऱ्या देतो म्हणाला.

मग दोन बारीक वायरी लावल्या आणि आईचा फोन उठला. मागे तिनं ठेवलेला गजानन महाराजांचा फोटो. पॅटर्न मी काढला. हात थरथरत होता, दुसऱ्यांदा जमला.

४१ च्या ४१ आहेत. सगळं मिळून १६३ एमबी. एवढ्याशा जागेसाठी मी तीन महिने विजेवर पहारा ठेवला होता. त्यानं पेन ड्राइव्हवर घेतल्या, मी तिथेच मुलीला पाठवल्या, आणि घरी येऊन भावाच्या संगणकावरही उतरवल्या. दुकानात असतानाच एक लावून पाहिली होती. ओवी संपल्यावर आई विचारते, "झालं काय वं भरून?" आणि मी हो म्हणते. ते मी विसरूनच गेले होते. दुकानदारानं बेंचवरचा दिवा जरा बाजूला केला आणि पाणी आणून दिलं.

नवी बॅटरी बसवली, त्यावर आयएस १६०४६ लिहिलेलं मी चष्मा लावून वाचलं. सगळे मिळून १४०० रुपये घेतले.

दादा, फोन आता वापरणार कोणी नाही, पण मला तो ठेवायचा आहे. कसा ठेवू म्हणजे पुन्हा फुगणार नाही?

सोल्डरवाला_सांगली

अर्ध्यावर ठेवा, ताई. ५० टक्क्यांपर्यंत चार्ज करायचा, पूर्ण बंद करायचा, पिन काढायची. वरच्या खोलीत नको, खालच्या गारव्याच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात. पूर्ण रिकामाही सोडायचा नाही, त्यानंही बॅटरी खराब होते. दर सहा महिन्यांनी काढायचा, टेबलावर ठेवून डुगडुगतो का बघायचं, पुन्हा ५० पर्यंत न्यायचा आणि बंद करून ठेवायचा. चार्जिंगला असेल तेवढा वेळ तुम्ही त्याच खोलीत बसा.

माहेरवाशीण_अकोला

सध्या ५२ टक्के आहे, बंद केला. आज वैशाखातली एकादशी. सहा महिने म्हणजे कार्तिक. कॅलेंडरवर तुळशीच्या लग्नाच्या चौकोनात 'आईचा फोन' असं लिहून ठेवलंय.